थोरलीची राखण, धाकट्याची अडचण

व्यापारी पेठेतील अनेक घरांत आता एकाच्या जागी दोन कुत्री नांदू लागली आहेत. पहिली कुत्री चार-पाच वर्षांची होते, घरातील मुले शाळा-महाविद्यालयांत गुंततात, कर्ती माणसे सकाळपासून पेढीवर असतात. तेव्हा त्या मुक्या जिवाला कोणी सोबती असावा, या सद्भावनेने दुसरे पिल्लू आणले जाते. प्रारंभीचे आठ-पंधरा दिवस थोरली अंग चोरून दूर बसते. मग एके सकाळी पिल्लू तिच्या पोटाशी झोपलेले आढळते आणि साऱ्या घराला कृतार्थ वाटते.

त्यानंतर काही महिन्यांत एक बदल हळूहळू घडत जातो. दारी कोणी आले की थोरली आधी धाकट्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहते. फिरायला नेताना समोरून दुसरा कुत्रा दिसला की ती आडवी उभी राहून गुरगुरते. धाकट्याला कोणी उचलू लागले की तिची नजर त्या हातांवर खिळते. घरातील मंडळी कौतुकाने म्हणतात, “सख्खी आईसुद्धा इतके जपणार नाही!” हे कौतुक बहुधा एखाद्या अप्रिय प्रसंगापर्यंतच टिकते. पाहुण्यांच्या मुलाने धाकट्याला कवेत घेतले आणि थोरलीने त्याच्या मनगटावर दात उमटवले; किंवा रस्त्यावर धावत आलेल्या कुत्र्यावर झेप घेताना तिने दोरी धरणाऱ्या आजोबांना खाली पाडले. मग कालपर्यंतची प्रेमळ थोरली एका दिवसात घराची डोकेदुखी ठरते. कोणी तिला कायम बांधून ठेवण्याचा, तर कोणी तिला कुठेतरी सोडून येण्याचा सल्ला देतो.

वस्तुतः त्या एका दिवशी थोरली बदललेली नसते. तिच्याकडे नकळत सोपवले गेलेले एक काम ती वाढत्या जोमाने करत आलेली असते. ते काम तिच्याकडून काढून घेणे आणि घरातील माणसांनी ते स्वतःच्या अंगावर घेणे, हाच या प्रश्नातून बाहेर पडण्याचा मार्ग होय.

राखणीची तीन रूपे

बाहेरून ‘राखण’ म्हणून दिसणाऱ्या वागण्यामागे प्रायः तीन निरनिराळी कारणे असतात. ती ओळखल्याशिवाय उपाय योजणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

पहिले कारण भय. थोरलीला स्वतःलाच अनोळखी कुत्र्यांची वा माणसांची धास्ती असते. धाकटा आल्यापासून परक्यांचे लक्ष त्याच्याकडे वेधले जाते, लोक जवळ येऊ लागतात, मोकाट कुत्री हुंगायला धावतात आणि तिची धास्ती वाढते. समोरच्याने दूर जावे, एवढ्यासाठीच ती भुंकते. तो गेला की तिला हायसे वाटते आणि भुंकल्याने संकट टळते, हा धडा तिच्या मनात पक्का होतो. अशी कुत्री धाकटा सोबत नसतानाही थोडीबहुत भितरी असते, हे तिला एकटीला फिरवून पाहिल्यास ध्यानात येते.

दुसरे कारण मालकी. अन्नाचे भांडे, आवडते हाड, पलंगाचा कोपरा यांवर कुत्रे जसा हक्क सांगते, तसाच ते सोबत्यावरही सांगू शकते. घरातीलच एखादी व्यक्ती धाकट्याशी खेळू लागली, तरी मध्ये घुसणारी थोरली बहुधा या प्रकारातील असते. तिला त्या व्यक्तीचे भय नसते. धाकट्याचा सहवास, किंवा धाकट्याला मिळणारे त्या व्यक्तीचे लक्ष, वाटून घेणे तिला नको असते.

तिसरे कारण मध्यस्थी, आणि ते पुष्कळदा निरुपद्रवी असते. दोन कुत्र्यांचा खेळ रंगात येऊन हातघाईवर येण्याचा संभव दिसला, तर तिसरे शांत कुत्रे त्यांच्या मधून संथपणे चालत जाते. नॉर्वेच्या प्रशिक्षिका ट्युरिड रुगास यांनी कुत्र्यांच्या शांततेच्या ज्या खुणांचे वर्णन केले आहे, त्यांत या मधून चालण्याचाही समावेश आहे. अशा वेळी कुत्र्याचे अंग सैल असते, तोंड किंचित उघडे असते, शेपटी मध्यम उंचीवर असते आणि काम होताच ते निघून जाते. येथे कुणाला काही शिकवण्याची गरज नसते.

पहिल्या दोन प्रकारांत शरीराची भाषा निराळी असते. अंग ताठरते, तोंड मिटते, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसू लागतो, पाठीवरील केस उभे राहतात, शेपटी उंच व ताठ होते. अशी ताठ शेपटी हलत असली, तरी तिचा अर्थ आनंद असा लावू नये. त्याही आधी काही सौम्य खुणा येऊन जातात: विनाकारण जिभेने ओठ चाटणे, झोप नसता जांभई देणे, मान वळवणे, क्षणभर जागीच थिजणे. दात लागण्यापूर्वी कुत्रे किती वेळा ‘पुरे’ म्हणून सांगते, हे या खुणा वाचता येऊ लागल्या म्हणजे कळते.

‘हुकमत दाखवा’ हा जुना गैरसमज

अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो. “तिला वाटते की तीच टोळीची नायिका आहे. तिला पाठीवर लोळवा, दाबून धरा, मालक कोण ते दाखवा.” या समजुतीचा उगम बऱ्याच अंशी लांडग्यांवरील एका अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिवासातील लांडग्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. बाहेरून आणून एकत्र कोंडलेल्या त्या प्राण्यांत वर्चस्वासाठी झगडे होत. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या लांडग्यांवरील ग्रंथातून ‘अल्फा’ ही कल्पना लोकप्रिय झाली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समीअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले आणि १९९९ मध्ये लिहिले की, निसर्गातील लांडग्यांची टोळी म्हणजे सामान्यतः आई, वडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. तेथे आई-वडील पुढे चालतात ते पालक म्हणून. लढाई जिंकून मिळवलेले ते पद नसते. आपल्या आधीच्या मांडणीची अशी जाहीर दुरुस्ती करणारे संशोधक विरळाच.

व्यवहारातही दांडगाईचा परिणाम उलटा होतो. भयापोटी गुरगुरणाऱ्या थोरलीला परके कुत्रे दिसताच मार बसला, तर परके कुत्रे म्हणजे वेदना, ही गाठ तिच्या मनात अधिक घट्ट बसते. मालकीपोटी गुरगुरणारी मार खाऊन गुरगुरणे सोडते, परंतु मालकीची भावना सोडत नाही. गुरगुरणे ही घराची धोक्याची घंटा आहे. ती बंद पाडली की पुढची वेळ पूर्वसूचनेशिवाय चाव्याची असते. म्हणून गुरगुरण्याला शिक्षा करू नये. त्या क्षणी अंतर वाढवावे आणि ते कशामुळे घडले, याची नोंद ठेवावी.

धाकट्याचे नुकसान

थोरलीच्या वागण्याचा त्रास सर्वांना दिसतो. धाकट्याचे नुकसान सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास केला. तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातून हे पुढे आले की, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीसाठी अत्यंत मोलाचा असतो. या काळात जी माणसे, जे प्राणी, जे आवाज सौम्यपणे अनुभवाला येतात, ते पुढे आयुष्यभर परके वाटत नाहीत. पुढची सहा महिने ते दीड-दोन वर्षांची पौगंडावस्थाही शिकण्याचीच असते.

नेमक्या या काळात थोरली प्रत्येक भेटीच्या आड उभी राहिली, तर धाकट्याला कुत्र्यांची भाषा शिकण्याची संधीच मिळत नाही. समोरच्याने मान वळवली म्हणजे काय, खेळाचे आमंत्रण कसे द्यावे, नको असेल तर शांतपणे कसे बाजूला व्हावे, हे सारे प्रत्यक्ष भेटींतूनच येते. त्याऐवजी तो एवढेच शिकतो की, बाहेरचा कोणी आला की थोरली ताठरते. अर्थात बाहेरचा वाईटच असला पाहिजे. वर्षभराने तोही तिच्या सुरात सूर मिसळतो आणि घरात एकाच्या जागी दोन भुंकणारी कुत्री होतात.

दुसरा धोका दोघांमधील आहे. दोरीने आवळलेल्या थोरलीला समोरच्या कुत्र्यापर्यंत पोहोचता आले नाही, तर ती त्या आवेशात शेजारच्या धाकट्यालाच, किंवा दोरी धरणाऱ्या हातालाही, चावू शकते. शिवाय धाकटा एक ते तीन वर्षांच्या दरम्यान मनाने प्रौढ होतो, तेव्हा कालपर्यंत निमूट सोसलेली रोकटोक तो नाकारू लागतो. एका ताटातून जेवणारी ही जोडी त्या सुमारास अचानक भांडू लागली, की घरच्यांना आश्चर्य वाटते; पण तिची तयारी पुष्कळ आधीपासून झालेली असते.

थोरला भाऊ गल्ल्याजवळ कुणाला फिरकू देत नाही आणि मग धाकट्याला व्यवहार कळत नाही म्हणून खंतावतो, असे दृश्य पेढ्यांवर नवे नाही. प्रेम असूनही वाढ खुंटते, ती अशी.

आधी वैद्य, मग शिक्षक

स्वभावात बदल दिसला की प्रथम पशुवैद्यकाकडे जावे. सांधेदुखी, दातांचे वा कानांचे दुखणे, मंदावलेली दृष्टी, थायरॉईडचे विकार यांमुळे शांत कुत्रेही चिडखोर होते. कंबर दुखत असलेल्या थोरलीला दंगेखोर पाहुण्यांची धास्ती वाटणे स्वाभाविकच आहे. दोन्ही कुत्र्यांचे रेबीजचे लसीकरण वेळेवर झाल्याची खात्री करावी आणि नसबंदीविषयीही त्याच भेटीत सल्ला घ्यावा.

पुढील काही आठवडे थोरलीला राखणीची संधीच मिळू नये, अशी घराची रचना असावी. जी कृती रोज घडते ती रोज पक्की होते. म्हणून ती घडू न देणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. खाली दुकान आणि वर घर असेल, तर जिन्याशी एक बुटके फाटक बसवावे. हमाल, गिऱ्हाईक, घरपोच वस्तू आणणारी मुले यांची वर्दळ असताना दोन्ही कुत्री फाटकाच्या आत असावीत. दोघांची जेवणाची भांडी वेगळ्या खोल्यांत, झोपण्याच्या जागा वेगळ्या आणि खेळणी नजरेखाली असावीत. दोघांचा खेळ फार तापला, तर एकेकाला प्रेमाने हाक मारून मिनिटभर वेगळे करावे आणि शांत झाल्यावर पुन्हा सोडावे. धाकटा तिच्या ताटात तोंड घालू लागला आणि तिने एकदा गुरगुरून त्याला बाजूला केले, तर ती रोकटोक वाजवी समजावी. मात्र तो दूर झाल्यावरही ती त्याला दाबत राहिली, तर माणसाने मध्ये पडावे.

चाव्याचा इतिहास असल्यास थोरलीला जाळीदार मुसक्याची सवय लावावी. मुसके असे निवडावे की, त्यात तिला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. ते एकदम बांधू नये; आत खाऊ ठेवून तिने आपणहून तोंड घालावे, अशा रीतीने चार-आठ दिवसांत सवय होते.

सर्वांत महत्त्वाचा नियम वेगळेपणाचा. दोघांनाही दररोज किमान एकदा स्वतंत्रपणे फिरवावे. घरातही प्रारंभी एक-दोन मिनिटे, मग दहा, मग अर्धा तास त्यांना निरनिराळ्या खोल्यांत ठेवावे आणि प्रत्येकाला चावायला काही द्यावे. धाकट्याला एकट्याला बागेत, दुकानात, परिचितांच्या घरी न्यावे. समतोल स्वभावाच्या एखाद्या प्रौढ कुत्र्याशी त्याची ओळख करून द्यावी. थोरलीलाही तिचा स्वतःचा वेळ मिळावा. धाकटा आल्यापासून तिचे एकटीचे फिरणे आणि एकटीचे लाड बंद झालेले असतात, ही गोष्ट घरातील फार थोड्यांच्या लक्षात येते.

अंतर, खाऊ आणि धीर

मूळ भावना बदलण्याची पद्धत शंभर वर्षांची जुनी आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ महिलेने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या सुमारे ३ वर्षांच्या बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात, दूरवर ठेवला जाई. तो निर्धास्तपणे खात राहिला की ससा पुढच्या वेळी थोडा जवळ येई. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला. कुत्र्यांचे भय घालवण्यासाठी आज प्रशिक्षक जी रीत वापरतात, तिचे तत्त्व हेच आहे.

थोरलीच्या बाबतीत ती अशी योजावी. प्रारंभी धाकट्याला घरी ठेवावे. शांत मैदानात, परके कुत्रे दिसेल पण थोरली ताठरणार नाही, इतक्या अंतरावर तिला घेऊन उभे राहावे. हे अंतर एखादीला वीस पावले पुरते, एखादीला शंभर. परके कुत्रे दृष्टीस पडताच खाऊचे तुकडे एकामागून एक द्यावेत. ते दिसेनासे होताच खाऊ थांबवावा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कुत्रे, मग खाऊ. काही दिवसांनी परके कुत्रे दिसले की थोरली आपणहून वळून माणसाच्या तोंडाकडे पाहू लागते. तो क्षण आला की समजावे, तिच्या मनातील हिशेब बदलू लागला आहे. त्यानंतर अंतर दोन-चार पावलांनी कमी करावे. ती खाऊ घेईनाशी झाली, किंवा हाताला हिसका देऊन घेऊ लागली, तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे. एक पाठ पाच-दहा मिनिटांहून मोठा नसावा.

हे एकटीला जमू लागल्यावर धाकट्याला सोबत घ्यावे. परंतु दोन माणसे, दोन दोऱ्या आणि दोघांत काही पावलांचे अंतर ठेवून. दोन्ही कुत्री एका हातात धरून फिरवणे ही शेवटची पायरी आहे, आणि कित्येक घरांत तीच पहिल्या दिवसापासून चाललेली असते. दोरी लांब पण सैल असावी. ताणलेली दोरी कुत्र्याला संकटाची वार्ता देते. गळ्याऐवजी छातीला बसणारा पट्टा वापरल्यास हिसका मानेवर येत नाही.

मालकीच्या प्रकारात हीच रीत घरात वापरता येते. थोरली फाटकापलीकडे वा दोरीवर असताना एकाने धाकट्याजवळ बसावे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी थोरलीला खाऊ द्यावा. धाकट्याजवळ कोणी गेले की आपलेही भले होते, हे तिला उमगले पाहिजे. जोडीला ‘जागेवर’ ही आज्ञा शिकवावी: शब्द उच्चारताच तिने आपल्या चटईवर जाऊन बसावे आणि तेथेच तिला खाऊ मिळावा. दाराची घंटा वाजली की चटईकडे जाणारी कुत्री त्याच वेळी दाराशी आडवी उभी राहू शकत नाही.

खाऊ लहान, मऊ आणि एरवी न मिळणारा असावा. मीठ-मसाल्याविना पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे, किंवा बिया काढलेल्या सफरचंदाच्या बारीक फोडी बहुतेक कुत्र्यांना आवडतात. ज्या घरांत कांदा-लसूण येतच नाही तेथे कुत्र्यांना अपायकारक असलेले दोन पदार्थ आपोआप टळतात. मात्र द्राक्षे आणि बेदाणे यांविषयी अधिक दक्षता हवी. सुक्या मेव्याचा व्यापार असलेल्या घरांत बेदाण्यांची ताटली सहज उघडी राहते आणि मुले कौतुकाने दोन दाणे पुढे करतात. कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना त्यांपासून गंभीर इजा होऊ शकते. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची मिठाईही त्यांना विषवत आहे.

माणसाने पुढे व्हावे

थोरलीने राखणीचे काम सोडावे असे वाटत असेल, तर ते दुसरे कोणी करत आहे हे तिला दिसले पाहिजे. रस्त्यावर मोकाट कुत्रे चालून आले, तर माणसाने शांतपणे पुढे होऊन आपली दोन्ही कुत्री पाठीशी घ्यावीत, डोळ्यांना डोळा न भिडवता हात आडवा करावा आणि वाट बदलून निघून जावे. ओरडणे, दगड उचलणे, दोरी आवळणे यांनी थोरलीची खात्रीच होते की प्रसंग बाका आहे. घरी पाहुण्यांच्या मुलांनी धाकट्याला उचलू नये. त्यालाच त्यांच्याजवळ येऊ द्यावे, तीन-चार क्षण कुरवाळावे आणि हात काढून घ्यावा. तो पुन्हा जवळ आला तर पुन्हा कुरवाळावे. ‘नको’ म्हणण्याचा त्याचा हक्क माणसांनी मानला, की त्याच्या वतीने थोरलीला बोलावे लागत नाही. लहान मूल आणि कुत्रे यांना मात्र मोठ्यांच्या नजरेआड केव्हाही एकत्र सोडू नये.

एकत्र कुटुंबात या साऱ्याला एक अट आहे: नियम सर्वांचा एक असावा. सून चटईवर बसायला शिकवते, आजोबा जेवताना ताटातला घास देतात, नातू थोरलीला मुद्दाम भुंकायला लावून टाळ्या पिटतो आणि कामवाल्या बाई भिऊन झाडू उगारतात, अशा घरात कोणतीही शिकवण तग धरत नाही. आज्ञेचे चार शब्द, खाऊचा डबा कुठे आहे आणि दार उघडण्यापूर्वी काय करायचे, एवढे कागदावर लिहून फाटकाशी लावले तरी पुष्कळ काम होते. “शाब्बास, कशी राखते!” ही थाप मात्र त्या दिवसापासून बंद झाली पाहिजे.

काही प्रसंगी घरगुती प्रयत्न पुरेसे ठरत नाहीत. चाव्याने रक्त आले असेल, दोघांत जखमा होण्याइतपत भांडणे होत असतील, किंवा घरात लहान मूल असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मारहाण न करणाऱ्या जाणकार प्रशिक्षकाची मदत घ्यावी. माणसाला चावा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कुत्रे घरचे आहे व त्याला लस दिलेली आहे, म्हणून स्वस्थ बसू नये. पाळीव प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये, याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. आणि कंटाळून प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हाही १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाखाली गुन्हाच आहे. घरच्या अन्नावर वाढलेले कुत्रे रस्त्यावर सोडले, तर तेथील टोळ्या त्याला सामावून घेत नाहीत. ज्या संकटांपासून ती धाकट्याला जपत होती, त्यांच्याच मध्ये थोरली एकाकी पडते.

प्रगतीची मोजणी आठवड्यांत आणि महिन्यांत करावी लागते. मध्येच एखादा दिवस वाईट जातो. त्याने मागचे सारे पुसले जात नाही. खरी खूण निराळीच असते. दाराशी पाऊल वाजते, थोरली मान वर करते, घरातील माणूस दाराकडे जाताना पाहते आणि एक निःश्वास टाकून पुन्हा मान खाली ठेवते. सदैव पहाऱ्यावर असलेल्या जिवाला विसावा मिळाल्याची ती खूण असते.

या साऱ्या खटाटोपाचे फळ धाकट्याला अधिक काळ लाभते. कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते तेरा वर्षांचे असते आणि वयाच्या क्रमाने थोरली बहुधा आधी जाणार असते. जो तिच्याशिवाय कधी उंबरठ्याबाहेर पडला नाही, ज्याने परक्या कुत्र्याला तिच्या आडूनच पाहिले, तो त्या दिवशी सोबतीही गमावतो आणि जगात वावरण्याचा आधारही. ज्याला तिच्या डोळ्यांदेखत एकट्याने चालायला शिकवले गेले, तो काही दिवस तिची जागा हुंगत फिरतो, जेवणावरचे त्याचे मन उडते. पण सायंकाळी दोरी खुंटीवरून निघाली की तो उठतो आणि दाराकडे चालू लागतो.